ऊन पाण्याला ‘पॉइंट’ म्हणू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत हिमाचलमधल्या गरम पाण्याच्या झऱ्यांवर लेख आला होता. पाच दिवसांत पाच ठिकाणं, असा त्याचा एकंदर बेत. फोटो छान होते, वाफ तर अशी की पेपर ओला होईल. लेख वाचून आमचे हे म्हणाले, ‘‘बघ, लोक पाच दिवसांत पाच बघतात आणि आपण खुळ्यासारखे एकाच ठिकाणी बसून राहिलो.’’ त्यांनी गमतीने म्हटलं, पण मला ते लागलं आणि मी कागद पुढे ओढला. मी निवृत्त शिक्षिका आहे. एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं, त्यामुळे चूक दिसली की लाल पेन शोधायची सवय अजून गेलेली नाही.

आधी चुकीचं सांगते, म्हणजे पत्र कापायचं झालं तरी तेवढं राहील. लेखात म्हटलंय की तत्तापानीला सतलजच्या काठी वाळूत हाताने खड्डा खणायचा, खालून गरम पाणी येतं, आणि आपला हौद तयार. हे एके काळी अगदी खरं होतं. पण खालच्या बाजूला कोल धरण झालं. २०१५ सालापासून तिथे ८०० मेगावॉटचा वीजप्रकल्प पूर्ण चालू आहे, आणि त्याच्या फुगवट्यात तत्तापानीची ती वाळू आणि काठचे झरे बुडाले. आता तिथे बोअर मारून गरम पाणी वर आणतात आणि बांधलेल्या कुंडांत सोडतात. संक्रांतीला स्नानासाठी अजून गर्दी होते. २०२० च्या संक्रांतीला तिथे एकाच भांड्यात १९९५ किलो खिचडी शिजवून विश्वविक्रमसुद्धा केला. शिमल्याहून पन्नासेक किलोमीटर, जायला सोपं. जागेला मी नावं ठेवत नाही. पण समोर वाहती नदी नाही, तलाव आहे, आणि खणायला वाळू नाही. मीसुद्धा आधी हाच बेत केला होता. एका जुन्या प्रवासपुस्तिकेतून उतरवून घेतलेलं टिपण हाताशी होतं. तिथल्या एका लॉजवाल्याला फोन करून विचारलं, ‘‘भैया, रेतवाली जगह आपके यहाँ से कितनी दूर?’’ तो बिचारा हसला आणि म्हणाला, ‘‘माताजी, वो तो पानी के नीचे है.’’

आता माझं खरं म्हणणं. गरम पाण्याचा झरा हा बघायचा ‘पॉइंट’ नव्हे. तिथे राहावं लागतं. हे मला पहिल्या सहलीत कळलं नाही, दुसऱ्या सहलीत कळलं, आणि दोन्हींचा खर्च आमच्याच खिशातून गेला, म्हणून सांगायचा हक्क आहे असं समजते.

पहिली सहल मे महिन्यातली, पॅकेजची. सहा दिवसांत शिमला, कुफ्री, मनाली, सोलंग आणि परतीच्या वाटेवर मणिकर्ण. कंपनीचं नाव देत नाही. माणसं वाईट नव्हती, घड्याळ वाईट होतं. भुंतरपासून पार्वती नदीच्या कडेने पस्तीस किलोमीटर आत जायचं. त्या अरुंद रस्त्यावर मे महिन्यात समोरून येणाऱ्या गाड्यांची इतकी दाटी की पोचेपर्यंतच दुपार कलली. उतरल्यावर मॅनेजर शिटी फुंकून म्हणाला, ‘‘चाळीस मिनिटं!’’ चाळीस मिनिटांत पूल ओलांडायचा, चपला ठेवायच्या, डोकं झाकायचं, देवदर्शन, गुरुद्वारा, लंगर आणि स्नान. माझ्या वन्सं आमच्याबरोबर होत्या. एक्काहत्तर वर्षांच्या, गुडघ्यांनी दमलेल्या. त्यांनी खास या पाण्यासाठी नवा गाऊन शिवून घेतला होता. त्या बुटांच्या नाड्या सोडेपर्यंत आमची निम्मी वेळ संपली. शेवटी आम्ही वाफेत उभं राहून फोटो काढले, त्यात आमचे चेहरेही दिसत नाहीत. गाऊन तसाच घडी केलेला घरी परत आला.

त्याच सहलीत एक रात्र आम्हाला ‘हॉट स्प्रिंग रिसॉर्ट’ म्हणून उतरवलं होतं. कुठे ते सांगत नाही. निळ्या फरशांचं टाकं, कोपऱ्यात दगड रचून केलेला धबधबा, त्यावर हिरवा दिवा. पाणी ऊन होतं खरं. मी अर्धा तास बसले. बाहेर आल्यावर पायाकडे लक्ष गेलं आणि जोडवी घरून निघाले तशीच लख्ख पांढरी. मी कोकणातली. आमच्या अरवलीकडच्या कुंडात उतरून आलं की चांदी काळवंडते, हे लहानपणापासून बघितलेलं. ऊन झऱ्याच्या पाण्यात बहुधा गंधक असतो. उकडलेल्या अंड्यासारखा जो वास येतो तो त्याच्याच वायूचा, आणि तो वायू चांदीला लागला की तिच्यावर सिल्व्हर सल्फाइडचा काळा थर चढतो. सोन्याला काही होत नाही, म्हणून मंगळसूत्र सुटतं आणि पैंजण सापडतात. इथे ना वास, ना काळेपणा. वेटरला विचारलं, ‘‘हे पाणी येतं कुठून?’’ तर म्हणाला, ‘‘मॅडम, पीछे बॉयलर है ना.’’ म्हणजे आमच्या डोंबिवलीच्या बाथरूममध्ये येतं तेच पाणी आम्ही दीड-दोन हजार किलोमीटरवर जाऊन अंगावर घेतलं. जोडव्यांची परीक्षा काही प्रयोगशाळेत मान्य होणार नाही, गंधक नसलेलेही खरे झरे असतात. पण गंधकाच्या झऱ्याचं नाव सांगून पैसे घेतले असतील तर बोटातली चांदी साक्ष देते, एवढं नक्की.

दुसऱ्या खेपेला सगळं स्वतः ठरवलं. मुलगा म्हणाला, ‘‘आई, ॲपवर दोन मिनिटांत होतं.’’ मला तीन आठवडे लागले आणि मी शाळेच्या वेळापत्रकासारखी वही आखली.

पहिला प्रश्न महिना कुठला. मे-जूनमध्ये सुट्ट्यांची झुंबड. जुलै-ऑगस्टमध्ये तर नावच काढू नये. जुलै २०२३ मध्ये बियास नदीने मंडी-मनालीचा रस्ता कसा ओरबाडून नेला ते आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलंय. राहिला ऑक्टोबर. पण त्यात एक मेख आहे. आपला दसरा संपतो त्या दिवशी कुल्लूचा सुरू होतो आणि सात दिवस चालतो. गावोगावचे देव पालख्यांतून ढालपूरच्या मैदानावर रघुनाथजींच्या भेटीला येतात. बघण्यासारखाच सोहळा, मात्र त्या आठवड्यात खोली मिळणं मुश्कील आणि रस्ते तुंबलेले. आम्हाला विसावा हवा होता, सोहळा नको होता. म्हणून २०२४ साली त्यांचा दसरा उरकू दिला आणि मग पोचलो. थंडी बोचायला लागलेली, पण स्वेटर-शालीत भागेल इतपतच. सफरचंदांचा हंगाम सरत आलेला, आणि हॉटेलवाले पुन्हा माणसासारखे बोलायला लागलेले.

दुसरा प्रश्न जागा. गाव निवडलं वशिष्ठ. मनालीपासून तीन किलोमीटर, बियासच्या पलीकडच्या अंगाला, चढावर. तिथे वशिष्ठ ऋषींचं दगडी-लाकडी देऊळ आहे आणि देवळालाच लागून ऊन पाण्याची कुंडं, बायकांचं वेगळं, पुरुषांचं वेगळं. महाभारतात कथा आहे, आठवत असेल. मुलं मारली गेल्यावर वशिष्ठांनी स्वतःला दोरांनी बांधून नदीत झोकून दिलं, आणि नदीने त्यांचे पाश सोडवून त्यांना काठावर आणून ठेवलं. पाश सोडवणारी म्हणून ती विपाशा. तीच आजची बियास. वन्संना ही गोष्ट गाडीत सांगितली तर त्या बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिल्या. तीन वर्षांपूर्वी त्यांचा मुलगा गेला. मी आपली इतिहास-भूगोल सांगितल्यासारखी सांगून बसले होते.

तिसरा प्रश्न, फोनवर काय विचारायचं. ही माझ्या वहीतली सगळ्यात उपयोगी पानं. लोक विचारतात खोलीतून डोंगर दिसतो का. डोंगर सगळीकडून दिसतो, तो कुठे जातोय? मी विचारायची, कुंडापर्यंत पायऱ्या किती. एकाने सांगितलं, ‘‘बस, थोडी सी.’’ पहाडी माणसाच्या ‘थोडी सी’वर विश्वास ठेवू नये, हे मी अनुभवाने सांगते. आकडा मागायचा. आम्ही घेतली ती खोली देवळापासून अंगणभर अंतरावर, मोजून अकरा पायऱ्या आणि कठड्याला धरायला लोखंडी नळ. मग विचारायचं की खोलीतलं पाणी झऱ्याचं की गीझरचं. आमच्या मालकाने सरळ सांगितलं, ‘‘गीझर. झरा देवाचा आहे, तो तिकडे.’’ मला हे उत्तर इतकं आवडलं की तिथेच बुकिंग केलं. आणखी विचारावं ते असं : संडास कमोडचा आहे का, रात्री अंगावर घ्यायला रजाई किती जड आहे (वन्संना आमच्या मुंबईच्या सवयीने जड रजाईखाली गुदमरायला होतं), आणि सकाळी साडेपाचला चहा मिळेल का. या शेवटच्या प्रश्नावर माणसाची परीक्षा होते.

प्रवास एका दमात करू नये. कल्याणला राजधानी धरली, दिल्लीला एक मुक्काम, पुढे चंडीगड, तिथून भाड्याची गाडी, आणि मध्ये मंडीला आणखी एक रात्र. मुलगा म्हणाला होता दिल्लीहून रात्रीची व्होल्वो पकडा, सकाळी मनाली. चोवीस वर्षांच्या मुलांसाठी ठीक आहे. रात्रभर वळणांवर हेलकावे खाऊन सकाळी त्याच अंगाने ऊन पाण्यात उतरायचं म्हणजे चक्कर येऊन पडायचं लक्षण.

आमच्या डॉक्टरांकडे जाऊन आले होते, तेही सांगायला हवं, कारण आपल्या लेखात याचा एक शब्द नाही. ऊन पाण्यात अंगातल्या रक्तवाहिन्या सैल पडतात, रक्तदाब उतरतो. ज्यांना दाबाच्या गोळ्या आहेत ते पाण्यातून ताडकन उठले की डोळ्यांपुढे अंधारी येते. म्हणून एका वेळी दहा मिनिटं, फार तर पंधरा, आणि उठताना आधी काठावर बसायचं, मग उभं राहायचं. आधी आणि नंतर पेलाभर पाणी प्यायचं. भरल्या पोटी उतरायचं नाही. हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाहीच. डोकं बुडवायचं नाही, नाकात पाणी जाऊ द्यायचं नाही. वन्संचं आणखी वेगळं. त्यांना वीस वर्षं साखर आहे, तळपायाला चटका कळत नाही. कढत पाण्यात पाय भाजला तरी त्यांना समजायचं नाही. डॉक्टर म्हणाले, ‘‘तान्ह्या बाळाचं पाणी कसं बघता? तसं कोपराने बघा.’’ म्हणून रोज पहिलं कोपर माझं.

आता कुंडाविषयी. सकाळी सहा-सव्वासहाला गेलो की गर्दी नसे. भिंतींचा आडोसा, आत दगडी टाकं, वर थंड हवा आणि तोंडावर वाफ. साबण आत न्यायचा नाही. अंग आधी बाहेर धुऊन यायचं. तिथे बाहेर ऊन पाण्याच्या धारा पडतात, त्याखाली गावातल्या बाया कपडे धुतात, भांडी घासतात. हेवा वाटला. डिसेंबरात बर्फ पडत असताना ज्या बाईला धुण्याला ऊन पाणी फुकट मिळतं तिच्यासारखी श्रीमंत कोण!

पहिल्या दिवशी पाण्यात पाय घातला आणि ‘आई गं’ म्हणून बाहेर काढला. समोर बसलेली गावातली एक बाई हसली. म्हणाली, ‘‘माताजी, धीरे. आज पाँव, कल घुटना.’’ तिचं ऐकलं. पहिल्या दिवशी पावलं, दुसऱ्या दिवशी गुडघे, तिसऱ्या दिवशी कमरेपर्यंत, चौथ्या दिवशी मी आणि वन्सं गळ्यापर्यंत बुडून बसलो. गाऊन अखेर भिजला. पाच दिवस राहिल्याचा अर्थ हा आहे, संपादक महाशय. ज्याला चाळीस मिनिटं मिळतात तो त्या बाईच्या हिशेबाने जेमतेम घोट्यापर्यंत पोचतो.

वन्संचे गुडघे बरे झाले का, असं मला डोंबिवलीत सगळ्यांनी विचारलं. नाही. झीज झालेली कूर्चा पाण्याने भरून येत नाही आणि कुणी तसं सांगत असेल तर त्याच्यापासून लांब राहावं. पण ऊन पाण्यात अंगाचा भार हलका होतो, आखडलेले स्नायू सुटतात, आणि त्यानंतर दोन तास त्या काठी न घेता अंगणात फिरत होत्या. रात्री झोप लागत होती. गोळीशिवाय. हे मी बघितलंय, याहून जास्त मी म्हणत नाही.

बाकीच्या दिवसाचं काय करायचं, ही पॅकेजवाल्यांची मोठी काळजी. काही करायचं नाही. आंघोळीनंतर जी भूक लागते ती पुरी करायची. तिथे ‘सिड्डू’ म्हणून पदार्थ असतो. आंबवलेल्या कणकेचा उकडलेला गोळा, आत अक्रोड-खसखशीचं सारण, वर गावठी तुपाची धार. आपल्या मोदकाचा पहाडी मावसभाऊ, फक्त गोड नाही. मग गच्चीत उन्हात बसायचं. ‘यांनी’ तीन दिवसांत एक जाडजूड कादंबरी संपवली आणि दोनदा म्हणाले की इथे काही होत नाही. तिसऱ्यांदा म्हणाले तेव्हा सूर वेगळा होता. एका दुपारी जोगिणी धबधब्याच्या वाटेवर अर्ध्यापर्यंत जाऊन आलो, सफरचंदाच्या बागांमधून. अटल बोगद्यापलीकडे लाहौलात जाऊन येऊ म्हणून गाडीवाला रोज विचारायचा. नऊ किलोमीटरचा बोगदा, पलीकडे वेगळाच देश. मोह झाला होता. वन्सं म्हणाल्या, ‘‘तुम्ही जा, मी पाण्यात बसते.’’ मग कुणीच गेलं नाही.

मणिकर्णचा जुना हिशेब बाकी होता. परतताना तिथे एक रात्र काढली, आणि जाणाऱ्यांना सांगते, निदान एक रात्र काढाच. संध्याकाळी सहलीच्या गाड्या निघून गेल्या की गाव मोकळं होतं. उरते पार्वती नदी. तिचा आवाज असा की खोलीत एकमेकांशी ओरडून बोलावं लागतं. पहिल्या खेपेला न जमलेलं सगळं सावकाश झालं. पार्वतीच्या कानातला मणी पाण्यात पडला, तो शेषनागाने फूत्कारून वर फेकला आणि त्याबरोबर हे उकळतं पाणी आलं, ही कथा पुजाऱ्यांकडून ऐकली. लंगरमध्ये पंगतीला बसलो. शिवमंदिराच्या कुंडात तांदळाची पुरचुंडी बांधून सोडली. वीसेक मिनिटांत भात. आता माझ्यातली शिक्षिका जागी झाली. मणिकर्ण १७६० मीटरवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या शिखराहून शंभर मीटर वर. दर तीनशे मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण एका अंशाने उतरतो. म्हणजे तिथे पाणी शंभराला नव्हे, चौऱ्याण्णवच्या आसपासच उकळतं. भात होतो, पण घरी डाळ शिजवायची तर कुकर लागतोच. हे मी जेवताना सांगत होते आणि पंगतीतला एक सरदारजी मुलगा मन लावून ऐकत होता. निवृत्तीनंतर चार वर्षांत इतका चांगला विद्यार्थी मिळाला नव्हता.

एक सावधगिरी : तिथे देवळाच्या आवारात काही ठिकाणी फरशी चटका देते. साखर असलेल्यांनी जाड मोजे घालावेत. आणि उघड्या कुंडाच्या काठाशी नातवंडांचा हात सोडू नये, ते पाणी आंघोळीचं नव्हे, शिजवायचं आहे.

लेखात खीरगंगेचंही नाव होतं, ‘छोटीशी पदयात्रा’ म्हणून. बरशैणीहून दहा-बारा किलोमीटरची चढण आहे आणि वर जवळपास २९५० मीटर उंची. तरुणांनी जरूर जावं. ‘ज्येष्ठांसाठी’ असा मथळा दिलेल्या चौकटीत ते घालू नये, एवढंच.

हिमालयात ज्वालामुखी नाही, मग पाणी तापतं कसं, हे पंगतीतल्या त्या सरदारजी मुलानेही विचारलं होतं. पावसाचं नि बर्फाचं पाणी खडकांच्या भेगांतून खोल जातं. जमिनीत जितकं खाली जावं तितकी उष्णता वाढते, दर किलोमीटरला पंचवीस-तीस अंश. तापलेलं पाणी मोठ्या भेगेची वाट मिळाली की वर येतं. हीच गोष्ट आमच्या कोकणाची. मुंबई-गोवा महामार्गावर संगमेश्वर तालुक्यात अरवली, तुरळ, राजवाडी अशी एकामागोमाग कुंडं आहेत. पालीजवळ उन्हेरे, दापोलीकडे उन्हवरे, राजापूरचं उन्हाळे. नावातच ‘ऊन’ आहे. हिमाचलात ‘तत्ता पानी’, आमच्याकडे ‘ऊन पाणी’, एक ‘तप्त’वरून आलेलं, दुसरं ‘उष्ण’वरून. लावणी उरकली की आजी आम्हा पोरांना अरवलीच्या कुंडावर न्यायची. चिखलात महिना काढलेले बायकांचे पाय त्या पाण्यात नुसते टांगून ठेवलेले असायचे. कुणी बोलायचं नाही. वशिष्ठला कुंडाच्या काठावर ओळीने बसलेल्या बाया बघून मला नेमकं तेच दृश्य आठवलं. तेव्हा कुणी त्याला पर्यटन म्हणत नव्हतं.

वहीत एक पान अजून कोरं आहे. कोकणात समुद्राकाठी घरगुती राहण्याची सोय भरपूर झाली आहे, आंब्याच्या दिवसांत तर फोन लागत नाही. पण एखाद्या कुंडाजवळ चार रात्री राहता येईल, अकराच पायऱ्या असतील, धरायला कठडा असेल आणि पहाटे चहा मिळेल असं घर मला अजून सापडलेलं नाही. वज्रेश्वरी-अकलोलीलाही आपण जातो ते देवीचं दर्शन घेऊन संध्याकाळच्या आत परत. वन्सं आता त्र्याहत्तरच्या झाल्या, कल्याण ते मनाली त्यांना पुन्हा झेपेल असं वाटत नाही. कोकणातल्या वाचकांपैकी कुणाला असं घर ठाऊक असेल तर त्यांनी आपल्या स्तंभातून कळवावं. अटी वर दिल्याच आहेत. ‘थोडी सी’ चालणार नाही, आकडा हवा.

या खेपेला काळवंडलेली जोडवी घरी आल्यावर साफ केली. भांड्यात ॲल्युमिनियमची फॉइल, त्यावर खाण्याचा सोडा, वर कढत पाणी, त्यात चांदी टाकायची. काळेपणा चांदी सोडून ॲल्युमिनियमला जाऊन चिकटतो, घासावं लागत नाही. वन्सं विधवा असल्या तरी त्यांच्या पायात त्यांच्या आईचे चांदीचे वाळे आहेत. ते मी साफ करायला मागितले तर त्यांनी दिले नाहीत. अजून तसेच काळे आहेत.

पत्र लांबलं याची कल्पना आहे. जागा नसेल तर सिड्डू कापा, उत्कलनबिंदू कापा, माझी काही हरकत नाही. तत्तापानीचा खुलासा तेवढा मात्र येत्या रविवारच्या आत छापा. तुमचा लेख वाचून एव्हाना कुणीतरी बॅगेत टॉवेलबरोबर खुरपं भरलं असेल.

आपली जुनी वाचक,
एक निवृत्त शिक्षिका, डोंबिवली (पूर्व)